गंगीला घेऊन माथेरानला

सहलीला निघायचं ठरलं की तुमच्या घरी पहिला प्रश्न कोणता निघतो हो? आमच्याकडे कपड्यांचा नाही, पैशांचा नाही, डब्यात काय न्यायचं याचाही नाही. "गंगीचं काय करायचं?" हाच. आणि ह्यांनी तो विचारला रे विचारला की आतून सासूबाईंचा आवाज यायचा, "आणि माझं काय करायचं तेही एकदा ठरवून टाका."

ही गोष्ट २०१८ च्या डिसेंबरातली. सासूबाई तेव्हा ऐंशीला टेकलेल्या, दोन्ही गुडघे दुखरे. आणि गंगी साडेतेरा वर्षांची. गंगी म्हणजे आमची कुत्री. जात विचाराल तर डोंबिवलीची! २६ जुलै २००५ चा तो पाऊस तुमच्यापैकी पुष्कळजणी विसरल्या नसतील. त्या रात्री आमच्या इमारतीच्या जिन्याच्या तिसऱ्या पायरीपर्यंत पाणी चढलं होतं आणि चौथ्या पायरीवर हे मूठभर पिल्लू कुडकुडत बसलं होतं. मुलानं उचलून वर आणलं. "उंबऱ्याच्या आत कुत्रं येणार नाही," असं सासूबाईंनी निक्षून सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनीच दुधात पोळी कुस्करून बशी पुढे केली. "पाण्यातनं आली, गंगीच ती," हे नावही त्यांचंच.

आम्ही काही मोठे गिर्यारोहक नव्हे. पण ह्यांना तरुणपणापासून डोंगराची आवड, आणि कर्जत-नेरळचा सगळा मुलूख आमच्या अंगणासारखा. महिन्यातून एखादा रविवार दशम्या-चटणी बांधून आम्ही निघत असू. गंगी दोन वर्षांची होईतो पेबचा किल्ला चढून आली होती. कोथळीगडाच्या सुळक्याच्या पोटात दगडात कोरलेला जिना आहे ना, तो तर ती आमच्या आधी चढून वरून भुंकायची. आम्ही एक डोंगर चढावा आणि तिनं त्याच वेळात तीन, कारण पुढे धावायचं, परत मागे येऊन सगळे आहेत की नाही पाहायचं आणि पुन्हा पुढे! वर पोचलं की आमच्या आधी डबा हुंगायची.

अशी कुत्री म्हातारी होते आहे हे लक्षातच येत नाही, मैत्रिणींनो. माणसाचं कसं, केस पिकतात, दात पडतात, तोंडानं कुरकुर करता येते. कुत्रं कुरकुरत नाही. तोंडाभोवती थोडे पांढरे केस आले, "शोभून दिसतात" म्हणून आम्ही हसलो. बुबुळांवर निळसर झाक आली. हाक मारली तर येईना, तेव्हा "आता माजलीय" असं मीच म्हटलं. खरं म्हणजे तिला ऐकूच कमी येत होतं. मनात अजून खूण आहे ती राजमाचीच्या दिवसाची. सांगायला बरं वाटत नाही, तरी सांगते, कारण चूक आमची होती आणि तशीच तुमच्या हातून होऊ नये.

२०१६ चा मार्च होता. लोणावळ्याहून राजमाचीला पायी जायचं म्हणजे पंधराएक किलोमीटर. वाट फारशी चढाची नाही, म्हणून "गंगीला काय, खेळ आहे" असं आम्ही धरून चाललो. पहाटे निघायचं ठरलं होतं. पण मी पुऱ्या तळत बसले, मुलगा उशिरा उठला, आणि लोणावळ्यातून पाय उचलायला दहा वाजले. अकरा-साडेअकराला ऊन असं तापलं की चपलेतूनही जमीन जाणवावी. गंगी मागे पडायला लागली. आम्ही थांबायचो, ती येऊन पोचायची, आणि ती पोचली की लगेच आम्ही पुढे! म्हणजे विश्रांती आम्हाला, तिला नाहीच. हे साधं गणित तीन मोठ्या माणसांच्या डोक्यात आलं नाही.

मग ती एका वळणावर आडवी झाली. जीभ लांब आणि गडद लाल, तोंडातून चिकट लाळ, मागचे पाय थरथरताहेत. मी बाटलीतलं पाणी तिच्या घशात ओतायला लागले, तेवढ्यात मागून एक गावकरी दुधाची रिकामी किटली घेऊन येत होते ते ओरडले, "बाई, घशात ओतू नका, ठसका लागंल. अंगावर घाला." त्यांनीच माझ्या चादरीची झोळी केली, ते एका बाजूला आणि हे दुसऱ्या, असं उचलून झाडीतल्या एका डबक्यापाशी नेलं. पोटाला, जांघेत, पायाच्या पंजांना पाणी मारत राहिलो. पुढं एक जीप मिळाली आणि परत लोणावळा गाठून डॉक्टरांकडे नेलं. तिथं तिला सलाईन लावलं. डॉक्टर तरुण होते, पण माझ्याकडे पाहून जे बोलले ते मला अजून टोचतं. "ताई, ती तुमच्या मागे येते ती झेपतं म्हणून नव्हे. तुम्ही पुढे चालता म्हणून येते."

त्यांनी समजावलं ते तुम्हालाही सांगून ठेवते. आपल्याला घाम येतो, अंग निवतं. कुत्र्याला घाम येतो तो जवळजवळ पंजांच्या गाद्यांपुरताच, बाकीचा उष्मा ते धापा टाकूनच बाहेर काढतं. तरुणपणी ते जमतं. वय झालं, हृदय-फुप्फुस थकलं, अंगावर चरबी आली की जमत नाही. कुत्र्याचं अंग एरवीच आपल्यापेक्षा गरम, १०१ ते १०२.५ फॅरनहाइटपर्यंत. ते १०५ च्या पुढे गेलं की जिवावरचा प्रसंग. गार पाणी अंगावर घालायचं, वारा द्यायचा, आणि घरगुती उपायांत वेळ न दवडता डॉक्टर गाठायचा.

त्यानंतर आम्ही गंगीला कुठं न्यायचंच बंद केलं. "आता तिचं वय झालं." हे वाक्य बोलायला किती सोपं! आम्ही सहलीला गेलो की ती शेजारच्या काकूंकडे. काकू जीव लावायच्या, पण गंगी दाराशी तोंड करून बसायची आणि आम्ही येईपर्यंत अन्नाला शिवायची नाही. अडीच वर्षं असं चाललं. आणि त्याच अडीच वर्षांत सासूबाईंनाही आम्ही तसंच ठेवत होतो, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. "आई, तुम्हाला दगदग होईल." त्याही काही बोलत नसत.

बोलल्या त्या डिसेंबरात. नाताळच्या सुट्टीत माथेरानला जावं असं ह्यांनी काढलं, तर त्या म्हणाल्या, "मी येणार. एकसष्ट साली गेले होते मी, ह्याच्या वडलांबरोबर, नव्यानं लग्न झालेलं. तेव्हा छोट्या गाडीनं गेलो होतो." माथेरानची ती छोटी गाडी १९०७ सालची, आदमजी पीरभॉय यांनी बांधवून घेतलेली, दोन फुटी रुळांवरून नेरळहून डोंगर चढणारी. वाटेत एकच बोगदा आहे, त्याला सगळे 'वन किस टनेल' म्हणतात. मी हळूच विचारलं, "आई, तो बोगदा आठवतो का?" त्या म्हणाल्या, "अंधार होता एवढं आठवतं," आणि पदर सारखा करत स्वयंपाकघरात गेल्या.

जाताना दारात वळून म्हणाल्या, "आणि गंगीही येईल. धर्मराजानं स्वर्गाच्या दारात कुत्र्याला सोडलं नाही, तुम्ही डोंबिवलीतच सोडताय."

धर्मराजाचं ठीक आहे हो, त्याला हॉटेलात खोली शोधायची नव्हती! पण त्या दिवशी मी खरोखर बसून विचार केला, आणि जो जो विचार करावा तो तो माथेरानच बरोबर वाटायला लागलं. एक तर तिथं मोटारींना बंदी. दस्तुरी नाक्यावर गाडी ठेवायची, पुढं चालत नाहीतर घोड्यावर. जिला मागून आलेला हॉर्न ऐकू येत नाही अशा कुत्रीला याहून चांगलं गाव कुठलं? उंची सुमारे २,६०० फूट, म्हणजे डिसेंबरात हवा गार. माथ्यावर पोचलं की वाटा बहुतेक सपाट, पायाखाली तांबडी मऊ माती, डोक्यावर सावली. किल्ल्याचं कसं असतं, चढायचं ठरवलं की माथा गाठल्याशिवाय मन राहत नाही. माथेरानात माथा मोटारीनं गाठूनच चालायला सुरुवात. दमलं की बसावं, वाटलं तर परतावं, कुणी विचारत नाही.

मात्र तयारी वेगळी करावी लागली. आधी डॉक्टर. त्यांनी हृदय तपासलं, मूत्रपिंडासाठी रक्त पाहिलं, मागच्या पायाचे सांधे दाबून पाहिले. "नेऊ शकता. चालवा थोडं, पण तिच्या मनानं." सांधेदुखीसाठी मोजून गोळ्या दिल्या आणि बजावलं, की आपल्या घरातल्या पॅरासिटामॉल किंवा आयब्रुफेनच्या गोळ्या चुकूनही द्यायच्या नाहीत. ह्या गोळ्या कुत्र्याला विष आहेत. हे मला अगदी ठळक सांगावंसं वाटतं, कारण आपण बायका घरातल्या सगळ्यांना आपल्याच डब्यातली गोळी अर्धी करून देतो. रेबीजची लस वेळेवर होतीच, तिचा कागद पिशवीत घेतला.

तिची नखं कापून घेतली. म्हातारी कुत्री कमी चालतात, नखं झिजत नाहीत, मग गुळगुळीत फरशीवर मागचे पाय फाकतात. त्यासाठी दोन गोणपाटंही घेतली. तिची नेहमीची जुनी सतरंजी न धुता घेतली, घरचा वास राहावा म्हणून. सासूबाईंना ते मुळीच पटलं नाही, पण ठेवू दिली. आणि माझ्या एका जुन्या जाड चादरीची झोळी शिवली, मध्ये पोटाखाली येईल असा रुंद पट्टा आणि वर दोन बंद. चढ-पायरी आली की मागचा भार आपण उचलायचा. बाजारात तसले पट्टे तयार मिळतात म्हणे, मला घरची शिलाई बरी वाटते.

डब्याचं मात्र बदलावं लागलं. प्रवासाला मी नेहमी शिरा करते, बेदाणे घालून. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक, तसाच कांदा आणि चॉकलेटही. आणि सासूबाईंचा हात सैल! म्हणून शिरा बिनबेदाण्याचा, भाजी बिनकांद्याची. गंगीचं जेवण निघण्याच्या आधी चार तास उरकलं. घाटाच्या वळणांत भरल्या पोटी तिला उलटी होते. (मलाही होते, पण माझं कोण पाहतं!)

कुणी विचाराल, रेल्वेनं का नाही? छोट्या गाडीचं सोडा, पण लांबच्या गाडीचा नियम सांगून ठेवते. कुत्रं आपल्याबरोबर न्यायचं तर पहिल्या वर्गाचा पूर्ण कूपे आपल्याच नावावर लागतो. नाहीतर ते जातं गार्डाच्या डब्यातल्या पेटीत. स्लीपर नाही, टू टायर, थ्री टायर नाही. तरुण कुत्रं त्या पेटीत एखादी रात्र काढील, म्हाताऱ्याला तरी घालू नये असं माझं मत.

आम्ही गाडीनं बदलापूर, वांगणी, शेलू करत निघालो. दर तासाला थांबायचं, गंगीला उतरवायचं. म्हाताऱ्या जिवाला फार वेळ धरवत नाही. सासूबाईंनाही त्याचा फायदा झाला, पण एरवी त्यांनी गाडी थांबवायला सांगितली नसती. नेरळहून घाट चढून दस्तुरीला पोचलो तेव्हा सकाळचे नऊ झाले होते. प्रवेशाचा कर भरला, सामान हमालाकडे दिलं.

तिथं घोडेवाल्यांचा गराडा पडतो. सासूबाईंनी घोड्याकडे पाहून हात जोडले. माणसांनी ओढायची रिक्षा होती तेव्हा. तिच्याकडे पाहून म्हणाल्या, "मला दोन माणसांनी ओढायचं? नाही बाई." (त्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयानं २०२५ च्या ऑगस्टात दिला. त्याआधी २०२२ च्या डिसेंबरात तिथं ई-रिक्षाही चालवून पाहायला सुरुवात झाली होती.) मग म्हणाल्या, "गंगी चालेल तेवढं मी चालते."

दस्तुरीपासून बाजारपेठ अडीचएक किलोमीटर. एरवी आपण पाऊण तासात जाऊ. आम्हाला दोन तासांच्या वर लागले. छोट्या गाडीच्या रुळांच्या कडेनं तांबडी वाट, दोन्हीकडे झाडी, मधूनच उजेडाचे कवडसे. पहिली दहा मिनिटं ह्यांचा जीव खालीवर. "अशानं जेवायला तरी पोचू का?" मग तेही हळू झाले. पुढे गंगी आणि सासूबाई, मागे आम्ही. चार पावलं, मग गंगी एखाद्या मुळाशी नाक लावून उभी. सासूबाई काठी टेकून उभ्या. गंगीचं हुंगून झालं की दोघी पुढे. डोळे मंद झाले, कान गेले, पण नाक शाबूत होतं. त्या नाकानं ती वाचत होती सगळं, घोडे, माकडं, कालची माणसं. इतक्या वर्षांत तिला मनसोक्त हुंगू दिलं नव्हतं, आमची सारखी घाई, "चल, चल."

आणि मलाही त्या दिवशी माथेरान पहिल्यांदा दिसलं असं म्हणायला हरकत नाही. जांभ्या दगडात रुतलेली मुळं, गाडी जाऊन गेल्यावर रुळावर येऊन बसलेली माकडं, आणि एक लहानसं तांबडं कोळ्याचं जाळं, दव पडलेलं. सहा-सात वेळा गेले होते मी. पॉइंट पाहिले होते, वाट पाहिली नव्हती.

धोका एकच, घोड्यांचा. टापांचा आवाज आपल्याला येतो, तिला येत नव्हता. एक घोडा दौडत मागून आला आणि अगदी जवळ आल्यावर ती दचकून नेमकी त्याच्याच पुढ्यात सरली. घोडेवाल्यानं लगाम ओढला म्हणून निभावलं. तेव्हापासून मी तिच्या आणि घोड्यांच्या मध्ये. पट्टा गळ्याला न बांधता छातीला बांधला होता, ओढायची वेळ आली तर मान आवळायला नको.

हॉटेलात दुसरा प्रसंग. फोनवर दोनदा विचारून, "कुत्रं चालेल" असं कबूल करून घेतलं होतं. दारात पोचल्यावर मॅनेजर म्हणाले, "आम्हाला वाटलं लहान असेल, मांडीवरचं." आगाऊ दिलेले पैसे परत मिळायलाही वाद घालावा लागला. तुम्ही जाल तेव्हा कुत्र्याचं वजन, वय सगळं लिहून पाठवा आणि उत्तरही लेखी घ्या, तोंडी नको. आम्ही पायरीवर बसून राहिलो. सासूबाईंनी काही न बोलता गंगीपुढं पाण्याची वाटी ठेवली. शेवटी सामानवाल्या हमालानंच एका जुन्या बंगल्याच्या राखणदाराकडे नेलं. नवरा-बायको दोघंच, मागच्या दोन खोल्या देत असत. बाईंनी गंगीकडे पाहिलं आणि विचारलं, "म्हातारी आहे ना? मग व्हरांड्याची खोली घ्या, पायरी नाही तिला."

दुपारी सगळ्यांनी ताणून दिली. संध्याकाळी शार्लोट तलावापर्यंत गेलो, जाताना मध्ये दोनदा बसून. तलावाचं पाणी गावाच्या पिण्याचं, तेव्हा कुत्र्याला आत उतरवू नये. तिची वाटी आणि पाणी आम्ही बरोबरच नेलं होतं. शेजारीच पिसरनाथ, माथेरानचं ग्रामदैवत. सासूबाई दर्शनाला गेल्या, मी आणि गंगी बाहेर. परत येताना मात्र तिचे मागचे पाय ओढायला लागले. झोळी काढली, बंद हातात धरले, आणि निम्मा भार उचलत चालले. पाठ भरून आली माझी. बारा किलोंची कुत्री दुरून हलकी वाटते!

लुईझा पॉइंटला दुसऱ्या दिवशी फक्त हे आणि मुलगा गेले. तिथनं प्रबळगड समोर दिसतो, मला फार आवडणारी जागा. पण कडा तो कडा. निळसर झाक आलेल्या डोळ्यांना कठडा आणि पोकळी यांतला फरक कितपत कळतो कोण जाणे. आम्ही दोघी-तिघी बंगल्याच्या आवारात उन्हाला बसलो. वाईट वाटलं का? थोडं वाटलं. पण जिच्यासाठी आलो तिला कड्यावर नेण्यात काय अर्थ!

रात्रीचं सांगायलाच हवं, कारण याची मला कल्पना नव्हती. पहिल्या रात्री दोन वाजता गंगी उठली आणि खोलीभर फिरायला लागली. भिंतीशी जायची, तिथंच थांबायची, कण्हायची. दार कुठं ते तिला उमगेना. म्हाताऱ्या कुत्र्यांना नव्या जागी, विशेषतः रात्री, असा गोंधळ होतो, हे डॉक्टरांनी मागाहून सांगितलं. मंद दिवा चालू ठेवावा, अंथरूण भिंतीच्या कोपऱ्याशी टेकवून द्यावं म्हणाले. मला तेव्हा काही सुचेना. "आणलं ते चुकलंच," असं मी ह्यांना म्हणत होते, तेवढ्यात सासूबाई खाटेवरून उतरल्या. गुडघे धरत, भिंतीला हात लावत खाली गोणपाटावर बसल्या आणि गंगीचं डोकं मांडीवर घेतलं. "काही नाही गं, काही नाही. परक्या घरी मलाही झोप येत नाही." पंधरा-वीस मिनिटांत ती निजली. सासूबाईंना खालून उठवायला मग आम्हा दोघांचे हात लागले.

उंबऱ्याच्या आत कुत्रं येणार नाही म्हणणाऱ्या त्या ह्याच!

निघायच्या दिवशी बाजारात चिक्की आणि चपला झाल्या, त्याशिवाय माथेरान पुरं होत नाही. घरी आल्यावर पहिलं काम गोचीड पाहण्याचं. घोड्यांच्या गावाहून आलात तर कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात, शेपटीखाली हात फिरवून पाहाच. दोन सापडल्या. रॉकेल वगैरे लावू नये, चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढावी. गोचिडीच्या तापानं म्हातारी कुत्री फार लवकर खचतात, म्हणून पुढचे दोन-तीन आठवडे भूक आणि ताप यांवर लक्ष ठेवलं. गंगी दोन दिवस नुसती झोपली. तिसऱ्या दिवशी पट्ट्याच्या खिळ्याखाली जाऊन उभी राहिली.

तुमच्या घरचं जनावर जर जेवत नसेल, पाणी खूप पीत असेल, रात्री खोकत असेल, तर मात्र हे वाचून हुरळून जाऊ नका. त्याला घरीच ठेवा आणि आळीपाळीनं कुणीतरी मागे राहा. आम्हीही पुढच्या नोव्हेंबरात पुन्हा गेलो तेव्हा दस्तुरीहून जेमतेम अर्धा किलोमीटर चाललो, झाडाखाली डबा खाल्ला आणि परत फिरलो. गंगीला त्याहून जास्त झेपत नव्हतं. सासूबाई म्हणाल्या, "झालं की माथेरान." ते दोघींचंही शेवटचं. २०२० च्या आषाढात गंगी घरीच, तिच्या सतरंजीवर गेली. सासूबाई त्यानंतर दीड वर्षानं.

चादरीची झोळी मी धुऊन कपाटात ठेवली होती. गेल्या महिन्यात खालच्या मजल्यावरची सून दार वाजवून आली. तिचा लॅब्रेडोर आता बाराचा झाला आहे, जिना चढवत नाही, आणि सुट्टीत सगळे बाहेर जाणार आहेत. "काकू, त्याला कुठं ठेवता येईल हो?" असं विचारत होती. मी आत जाऊन झोळी काढून आणली. बंद थोडे लांब करावे लागले, तिचा कुत्रा उंच आहे. बंगल्याच्या बाईंचा नंबर दिला, शिऱ्यात बेदाणे घालू नकोस म्हटलं, आणि घोडे ज्या बाजूनं येतात त्या बाजूला तू चाल, त्याला चालवू नकोस, हे तिला दोनदा सांगितलं.